दिल्लीतील एका नव्या व्यवसायाची घडण

वकील, वैद्य, शिक्षक, हिशेब-तपासनीस हे व्यवसाय मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. घरातील मुलगा यांपैकी एखाद्या व्यवसायात शिरला, तर तो नेमके काय करतो हे आजीला समजावून सांगावे लागत नाही. परंतु गेल्या काही दशकांत दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा या परिसरात एक असा व्यवसाय उदयाला आला आहे, की ज्याचे नाव ऐकून घरातील वडील माणसे विचारात पडतात. शाश्वत विकासाचे सल्लागार असे या व्यावसायिकांना म्हणतात. एखाद्या कंपनीच्या धुराड्यातून काय बाहेर पडते, तिचे सांडपाणी कोठे जाते, ती किती वीज आणि किती पाणी वापरते, तिच्या कामगारांना इजा किती होतात, याचा हिशेब मांडणे आणि त्यात सुधारणा कशी करावी हे कंपनीला सांगणे, हे त्यांचे काम होय.

यावर वडीलधारी माणसे साहजिकच एक प्रश्न विचारतात. या सल्लागाराला पैसे कोण देते? कंपनीच देते, असे उत्तर मिळाले की त्यांचा चेहरा थोडा साशंक होतो. ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. वैद्याला फी देतो तो रोगी आणि औषधाने बरा होतो तोही रोगीच. वकिलाला पैसे देणारे अशील एका बाजूला असते, तर समोरच्या बाजूलाही वकील उभा असतो. या नव्या व्यवसायात मात्र फी देणारी कंपनी एकीकडे आणि चुकीच्या सल्ल्याचे फळ भोगणारा शेजारी दुसरीकडे, अशी स्थिती असते. करार होतो त्या खोलीत तो शेजारी कधीच हजर नसतो. त्याच्या वतीने बोलणार कोण, या एका प्रश्नाभोवती या व्यवसायाचा दिल्लीतील सारा इतिहास गुंफलेला आहे.

या इतिहासाचा आरंभ पर्यावरण हा शब्द लोकांच्या तोंडी रुळण्यापूर्वीच झाला, असे म्हणता येईल. धनिकाने आपल्या संपत्तीचा विश्वस्त म्हणून वागावे, ही महात्मा गांधींची शिकवण. तिचाच धागा पकडून १९६५ साली दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये उद्योगधंद्यांच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर एक आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरले. त्यामागे जयप्रकाश नारायण यांची प्रेरणा होती. उद्योगाची जबाबदारी केवळ भागधारकांपुरती नसून ग्राहक, कामगार आणि आजूबाजूचा समाज यांच्याविषयीही ती असते, हा विचार तेथे स्पष्टपणे मांडला गेला. विचार उत्तम होता. परंतु ती जबाबदारी पार पडली की नाही हे कोणी व कसे तपासावयाचे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे एक उत्तर पुढील पंधरा वर्षांत पुढे आले, आणि त्यात मराठी माणसांचा मोठा वाटा होता. जे. आर. डी. टाटा यांनी आपल्या पोलाद कंपनीने समाजाविषयीचे कर्तव्य कितपत बजावले, हे बाहेरच्या माणसांकडून तपासून घेण्याचे ठरविले. या कामासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल. दिल्लीचे राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचे चिरंजीव पु. ग. मावळंकर हे तिचे सदस्य होते. समितीने १९८० मध्ये आपला अहवाल दिला. भारतातील एका मोठ्या कंपनीचे हे पहिले सामाजिक लेखापरीक्षण मानले जाते. न्यायाधीश, विद्वान आणि लोकप्रतिनिधी अशा, कंपनीच्या उपकाराखाली नसलेल्या माणसांची निवड हा या प्रयोगाचा खरा विशेष होता. तथापि ही निवड कंपनीने स्वखुशीने केली होती. ज्या कंपनीला अशी इच्छाच होणार नाही, तिचे काय, याला त्या प्रयोगात उत्तर नव्हते.

दरम्यान सरकारी पातळीवर या विषयाचे शास्त्र आणि कायदा हळूहळू आकार घेत होते. नागपूर येथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची एक केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली होती. गावोगावचे पिण्याचे पाणी आणि सांडपाणी हे तिचे आरंभीचे विषय. १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले आणि ‘नीरी’ या संक्षिप्त नावाने ती देशभर ओळखली जाऊ लागली. स्टॉकहोम येथे १९७२ साली भरलेल्या जागतिक परिषदेत इंदिरा गांधी यांनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा संबंध जगापुढे मांडला होता. त्यानंतर १९७४ मध्ये जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा झाला व केंद्रीय मंडळ दिल्लीत काम करू लागले. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग उघडला. त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरण-विज्ञानाचे शिक्षण सुरू झालेले होते. तज्ज्ञ तयार होत होते, मंडळे स्थापन होत होती. पण कारखानदारांच्या दृष्टीने हा सगळा सरकारी कागदपत्रांचा एक नवा प्रकार होता, यापलीकडे त्याला महत्त्व नव्हते.

हा समज १९८४ च्या डिसेंबरमधील एका रात्री कोसळून पडला. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेत असलेली हजारो माणसे प्राणास मुकली. या दुर्घटनेनंतर जी माहिती बाहेर आली, तीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी होती. मूळ अमेरिकन कंपनीच्या सुरक्षातज्ज्ञांच्या एका पथकाने मे १९८२ मध्ये याच कारखान्याची पाहणी केली होती आणि तेथील अनेक उणिवा आपल्या अहवालात नमूद केल्या होत्या. राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकारानेही त्याच वर्षापासून वृत्तपत्रांतून धोक्याचे इशारे दिले होते. म्हणजे धोका कोणालाच ठाऊक नव्हता असे नाही. पाहणी झाली होती, अहवालही लिहिला गेला होता. परंतु तो अहवाल कंपनीच्या घरातला कागद होता. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपड्यांतील एकाही माणसापर्यंत तो पोहोचला नव्हता, आणि त्यातील सूचना पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचा अधिकार त्या माणसांना नव्हता. सल्ला कितीही अचूक असला, तरी तो केवळ मालकाच्या कपाटात राहिला तर त्याचे मोल काय, हे भोपाळने दाखवून दिले.

भोपाळनंतर दिल्लीतही लोक चिंतेत पडले. शहराच्या पश्चिम भागात नजफगढ रस्त्यावर श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीचे सुमारे ७६ एकरांचे कारखान्यांचे संकुल होते. तेथे क्लोरीन, कॉस्टिक सोडा, गंधकाम्ल यांचे उत्पादन होत असे. पंजाबी बाग, पश्चिम पटेलनगर, करमपुरा अशा वस्त्यांनी ते वेढलेले होते आणि तीन किलोमीटरांच्या परिघात सुमारे दोन लाख लोक राहत होते. एम. सी. मेहता या वकिलांनी या संकुलाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. तो अर्ज न्यायालयापुढे असतानाच ४ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे भोपाळच्या दुर्घटनेला एक वर्ष होऊन एक-दोन दिवस उलटले असता, तेथील ओलियमची टाकी तिच्याखालचा सांगाडा कोसळून फुटली. त्यातून निघालेला वायू वस्तीत पसरला. दोन दिवसांनी एका नळाच्या सांध्यातून पुन्हा थोडी गळती झाली. तीस हजारी न्यायालयात वकिली करणाऱ्या एका गृहस्थाचा या वायूने मृत्यू झाल्याचे न्यायालयास सांगण्यात आले.

पुढे जे घडले, त्यातच या व्यवसायाचे बीज सापडते. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्यापुढे उभा असलेला प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. कारखाना कायमचा बंद केला, तर सुमारे चार हजार कामगार बेकार होणार होते. शिवाय दिल्लीच्या पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी लागणारे क्लोरीन याच कारखान्यातून येत होते. म्हणजे ज्या वायूच्या भीतीने दिल्लीकर हैराण झाले होते, त्याच वायूच्या साहाय्याने त्यांचे पाणी निर्जंतुक होत होते. कारखाना चालू ठेवावा तर माणसांच्या जिवाला धोका, बंद करावा तर त्याच माणसांची रोजी आणि पाणी यांचा प्रश्न. कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर नव्हते. टाकीचा सांगाडा किती भार पेलू शकतो, झडप किती दाबाला उघडते, वारा वाहू लागला तर वायू किती दूर जाईल, हे सांगणारा माणूस न्यायालयाला हवा होता. आणि तो कंपनीचा नोकर असून चालणार नव्हते.

म्हणून तज्ज्ञांच्या समित्या पुढे आल्या. सरकारने नेमलेली एक समिती होती. न्यायालयाने स्वतःही निलय चौधरी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. अर्जदारांच्या बाजूनेही तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी केली. या सर्वांच्या पाहणीतून निघालेला सूर असा होता, की योग्य उपाय केल्यास धोका पुष्कळ कमी करता येईल. मात्र वस्तीच्या मध्यभागी असलेल्या अशा कारखान्याचा धोका मुळापासून नाहीसा करता येणार नाही. न्यायालयाने १७ फेब्रुवारी १९८६ रोजी कारखाना तात्पुरता सुरू करण्यास परवानगी दिली, पण ती अनेक कडक अटींवर. सुरक्षेच्या प्रत्येक साधनासाठी एक विशिष्ट कामगार जबाबदार ठरवावा. तज्ज्ञांच्या समितीने दर पंधरा दिवसांनी पाहणी करावी. कामगारांच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती असावी. क्लोरीनचे शरीरावर काय परिणाम होतात आणि तो लागल्यास काय करावे याचे फलक इंग्रजी व हिंदीत लावावेत. धोक्याची सूचना देण्यासाठी ध्वनिक्षेपक बसवावेत. कंपनीच्या प्रमुखांनी वैयक्तिक जबाबदारीची लेखी हमी द्यावी आणि नुकसानभरपाईसाठी वीस लाख रुपये न्यायालयात भरावेत, असेही सांगण्यात आले.

या अटींचे स्वरूप बारकाईने पाहिले, तर आजच्या सल्लागाराच्या कामाची जवळजवळ संपूर्ण यादी तीत आढळते. धोक्यांची मोजणी, जबाबदारीची वाटणी, ठरावीक काळाने पाहणी, कामगारांचा सहभाग, लोकांना माहिती, आणि संचालकांचे उत्तरदायित्व. फरक इतकाच, की तेव्हाचा तज्ज्ञ न्यायालयाला उत्तर देत होता. त्याच वर्षी २० डिसेंबरला न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. स्वभावतःच घातक असा धंदा जो करतो, त्याच्याकडून अपघात झाल्यास त्याची जबाबदारी संपूर्ण आणि निरपवाद असते. आपण सगळी काळजी घेतली होती, ही सबब त्याला सांगता येणार नाही, असे तत्त्व पाच न्यायाधीशांच्या पीठाने घालून दिले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कायद्यात अशा जबाबदारीला जे अपवाद होते, ते भारतीय न्यायालयाने बाजूला सारले. याच वर्षी संसदेने पर्यावरण संरक्षण कायदा केला आणि पुढच्या वर्षी कारखान्यांच्या कायद्यात घातक उद्योगांविषयीची नवी कलमे आली. कारखानदाराच्या दृष्टीने तज्ज्ञाचा सल्ला आता ऐच्छिक राहिला नाही.

मागणी निर्माण झाली की पुरवठा करणारे येतातच. जानेवारी १९९४ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरविले, की धरण, खाण, मोठा कारखाना यांसारख्या प्रकल्पांना मंजुरी मिळण्यापूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास सादर केला पाहिजे. या अभ्यासाचा खर्च प्रकल्प उभारणाऱ्यानेच करावयाचा होता, आणि तो लिहिणारा सल्लागारही त्यानेच निवडावयाचा होता. या एका तरतुदीने सल्लागारीचा धंदा भरभराटीला आला, आणि याच तरतुदीने त्याची पत धोक्यात आली. मंजुरी मिळाली तर सल्लागाराचे नाव होई. प्रकल्प अयोग्य आहे असे लिहिणाऱ्याला पुढचे काम कोण देणार? परिणामी एका अहवालातील पाने दुसऱ्या अहवालात उतरू लागली. याचे कोकणातील एक उदाहरण तर पुढे फार गाजले. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइटच्या खाणीसाठी तयार झालेल्या अहवालात चक्क रशियातील खाणीच्या अहवालातला मजकूर आढळला. आंबा, काजू आणि फणसाच्या त्या प्रदेशात स्प्रूस आणि बर्च या थंड हवेतील झाडांची अरण्ये असल्याचे त्यात लिहिलेले होते. ऐकणाऱ्याला हसू येते. परंतु ज्या गावकऱ्याची विहीर त्या खाणीच्या खालच्या अंगाला असेल, त्याला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. सरकारने २००९ मध्ये आदेश काढला, की दिल्लीतील क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेकडून मान्यता मिळविलेल्या सल्लागारांनीच असे अहवाल तयार करावेत. त्यामुळे कोणीही उठून सल्लागार होण्याला आळा बसला. पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न मात्र जेथल्या तेथेच राहिला.

केवळ ही काळी बाजू सांगितली, तर या व्यवसायावर अन्याय होईल. त्याची उजळ बाजू पाहावयाची तर दिल्लीहून आग्र्याच्या वाटेने थोडे पुढे जावे लागते. ताजमहालाचा संगमरवर धुराने काळवंडतो आहे, हा वादही मेहता यांनीच न्यायालयापुढे नेला होता. त्यात नागपूरच्या नीरी संस्थेच्या पाहणीचा न्यायालयाला मोठा उपयोग झाला. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने त्या परिसरातील २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा, नाहीतर तेथून हलण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी दिल्लीतील १६८ घातक कारखान्यांना ३० नोव्हेंबरपर्यंत काम थांबविण्याचा हुकूम झाला होता, आणि त्यातील कामगारांच्या कुटुंबांना काय सोसावे लागले हे सगळ्यांनी पाहिले होते. ताजच्या परिसरात फिरोजाबाद हे काचेचे गाव येते. भारतातील स्त्रियांच्या हातांतील बांगड्या मुख्यतः तेथेच तयार होतात. कोळशावर चालणाऱ्या मुशीच्या जुन्या भट्ट्या बंद पडल्या असत्या, तर हजारो घरांची चूल विझली असती.

या वेळी दिल्लीतील एका संस्थेने केलेले काम स्मरणात ठेवण्यासारखे आहे. तेलाच्या जागतिक टंचाईच्या काळात, १९७४ साली, टाटा उद्योगसमूहाने ऊर्जेच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली. ‘टेरी’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. तिच्या अभियंत्यांनी स्विस सरकारच्या साहाय्याने फिरोजाबादमध्ये मुक्काम ठोकला. भट्टीतून बाहेर जाणाऱ्या तप्त धुरातली उष्णता वाया न घालविता आत येणाऱ्या हवेला द्यावयाची, या तत्त्वावर त्यांनी नैसर्गिक वायूवर चालणारी मुशीची नवी भट्टी तयार केली. २००० साली ती प्रत्यक्षात पेटली. पुढे एकामागून एक भट्टीवाल्यांनी ती उचलली. या सल्लागारांनी न्यायालयाचा आदेश कसा चुकवावा हे भट्टीवाल्यांना शिकविले नाही, आणि आदेश पाळण्यापलीकडे तुमचे आम्हाला काही देणेघेणे नाही, असेही म्हटले नाही. धूर कमी झाला, इंधन वाचले आणि काम टिकले. शेजाऱ्याचे हित आणि कारखानदाराचे हित ही एकमेकांची वैरी नसतात, हे सिद्ध करावयास मात्र वर्षानुवर्षे भट्टीपाशी उभे राहावे लागते. कार्यालयात बसून ते साधत नाही.

दिल्लीतच त्या सुमारास याहून वेगळ्या वाटेचा एक प्रयोग झाला. अनिल अगरवाल यांनी १९८० साली विज्ञान आणि पर्यावरण यांसाठी एक केंद्र स्थापन केले होते. या केंद्राने उद्योगांची परीक्षा घेण्याचे ठरविले, आणि १९९९ मध्ये देशातील २८ कागद गिरण्यांचा निकाल जाहीर केला. शाळेतल्या गुणांऐवजी येथे झाडाची पाने होती. सर्वोत्तम गिरणीला पाच पाने मिळावयाची. एकाही गिरणीला पाच पाने मिळाली नाहीत. ही परीक्षा घेणाऱ्यांनी गिरण्यांकडून पैसे घेतले नव्हते, आणि निकाल गिरणीच्या मालकाला पाठविण्याऐवजी जनतेपुढे ठेवला होता. ज्यांनी माहिती देण्याचे नाकारले, त्यांनाही परीक्षेतून सूट नव्हती. आपल्या गिरणीला शेजारच्या गिरणीपेक्षा कमी पाने मिळाली, हे वर्तमानपत्रात वाचल्यावर मालकांना सुधारणेची जी घाई झाली, ती सरकारी नोटिसांनी क्वचितच झाली असती.

एकविसाव्या शतकात या साऱ्या प्रयोगांचे कायद्यात रूपांतर होत गेले. ऊर्जा-संवर्धनाचा कायदा २००१ मध्ये झाला आणि पुढील वर्षी दिल्लीत ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाले. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ऊर्जा-लेखापरीक्षकांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. २०१२ मध्ये पोलाद, सिमेंट, खत अशा आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना इंधनाची बचत करण्याची ठरावीक उद्दिष्टे देण्यात आली. उद्योगांनी जबाबदारीने कसे वागावे, याची नऊ तत्त्वे केंद्राच्या कंपनी-व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये प्रसिद्ध केली. गुरुग्रामजवळील मानेसर येथे याच मंत्रालयाची संस्था या विषयाचे शिक्षण देऊ लागली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करण्यास सांगितले. इकडे मुंबईत ‘सेबी’ने २०१२ पासून शेअर बाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांना आपल्या सामाजिक आणि पर्यावरणीय कामगिरीचा अहवाल देणे भाग पाडले. ही संख्या पुढे हजारापर्यंत गेली, आणि २०२२–२३ या वर्षापासून या अहवालाचे नवे, अधिक तपशीलवार स्वरूप या सर्व कंपन्यांना बंधनकारक झाले.

आज गुरुग्रामच्या उंच इमारतींत किंवा नोएडाच्या कार्यालयांत बसणाऱ्या तरुण-तरुणींचे काम हे या अहवालांभोवती चालते. ते काम दिसते तितके झगमगीत नसते. कारखान्याची विजेची बिले, जनित्रांत जाळलेल्या डिझेलच्या पावत्या, कूपनलिकेवरील मीटरचे आकडे, अपघातांची नोंदवही, कंत्राटी कामगारांच्या वेतनाची पत्रके हे सगळे गोळा करावे लागते. कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनाचा कार्बन वेगळा मोजावयाचा, विकत घेतलेल्या विजेचा वेगळा, आणि कच्चा माल पुरविणाऱ्यापासून माल वापरणाऱ्यापर्यंतचा वेगळा. पहिल्या दोहोंचा हिशेब बिलांवरून लागतो. तिसऱ्याचा हिशेब शेकडो लहान पुरवठादारांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. येथेच सल्लागाराच्या सचोटीची कसोटी लागते. न मिळालेला आकडा अंदाजाने भरून तो मोजलेला आहे असे दाखविणे, ज्या वर्षी कारखाना कमी चालला त्या वर्षाची घट सुधारणा म्हणून मिरविणे, सुंदर छायाचित्रांच्या आड गैरसोयीचे पान लपविणे, हे मोह रोजचे आहेत. असा एक चुकीचा आकडा लिहिल्याने त्याच दिवशी कोणी मरत नाही. पण भोपाळच्या अहवालावर ज्यांनी कार्यवाही केली नाही, त्यांनाही त्या दिवशी तसेच वाटले असेल.

अगदी अलीकडे या जुन्या प्रश्नाचे एक ठाम उत्तर नियमांत उतरले आहे. अहवालातील महत्त्वाच्या आकड्यांची तपासणी स्वतंत्र व्यक्तीकडून व्हावी, आणि जो तपासतो त्याने त्याच कंपनीला सल्ला विकू नये, असे सेबीने जुलै २०२३ मध्ये सांगितले. आरंभ पहिल्या दीडशे कंपन्यांपासून करण्यात आला. तपासणीच्या पद्धतीत पुढे काही सवलती देण्यात आल्या असल्या, तरी सल्ला देणारा आणि साक्ष देणारा यांना वेगळे ठेवण्याचे तत्त्व त्यातून पुढे आले. कोतवाल समितीसाठी बाहेरची माणसे निवडताना जे. आर. डी. टाटांनी जे तत्त्व आपण होऊन स्वीकारले होते, आणि नजफगढ रस्त्यावरील कारखान्यासाठी न्यायालयाने जे तत्त्व आदेशाने लागू केले होते, तेच आता बाजाराच्या नियमावलीत आले. त्याला चार दशके लागली. हिशेब-तपासनिसाच्या व्यवसायालाही अशीच वाट चालावी लागली होती. कंपनीकडून फी घेऊनही आपण उत्तरदायी आहोत ते भागधारकांना, हे त्या व्यवसायाने कायद्याच्या आणि स्वतःच्या शिस्तीच्या बळावर प्रस्थापित केले. मात्र भागधारकाचे नाव निदान कंपनीच्या वहीत असते. शेजाऱ्याचे नाव कोणत्याच वहीत नसते.

दिल्लीत दर वर्षी नोव्हेंबर उजाडला, की आकाश करडे होते, डोळे चुरचुरतात आणि मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागतात. मालक, मजूर, न्यायाधीश, सल्लागार सर्वांना तीच हवा श्वासात घ्यावी लागते. दिवसभर एखाद्या कंपनीचा अहवाल लिहून संध्याकाळी घरी निघालेला सल्लागारही तेव्हा कोणाचा तरी शेजारीच असतो. घरातील वडील माणसांच्या प्रश्नाला त्याने द्यावयाचे उत्तर या इतिहासातच आहे. पैसे कंपनी देते, हे खरे. पण अहवालातला प्रत्येक आकडा भिंतीपलीकडच्या त्या माणसासमोर वाचून दाखविता आला पाहिजे, एवढ्यासाठीच हा व्यवसाय जन्माला आला.